रॅफ्लेशिया आपल्या वावरात लागेल का?

अचलपूरकडच्या एका तरुण शेतकऱ्याचा प्रश्न आहे. व्हॉट्सॲपवर त्याला एक व्हिडिओ आला. जंगलात जमिनीवर बसलेलं परातीएवढं लाल फूल, त्यावर पांढुरके ठिपके, आणि खाली लिहिलेलं, ‘बारा वर्षांतून एकदाच उमलणारं दुर्मीळ फूल’. एक माणूस त्याला या फुलाचं बी पाच हजारांत देतो म्हणतोय. तो विचारतो, ‘सर, आपल्या वावरात हे लागेल का? आणि आमचे आबा म्हणतात, बिनपानाची अशी फुलं त्यांनी वांग्याच्या वाफ्यात पाहिली आहेत. ते हेच का?’

भाऊ, पैशाचं आधी सांगतो. देऊ नका. बाकीचं निवांत वाचा.

व्हिडिओतलं फूल खरं आहे. रॅफ्लेशिया अर्नोल्डी त्याचं नाव. इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावर आणि बोर्निओत होतं. जगातलं सगळ्यांत मोठं एकटं फूल तेच. रुंदी मीटरभरापर्यंत आणि वजन सात किलोच्या आसपास, म्हणजे बऱ्यापैकी पोसलेल्या कोहळ्याइतकं. बारा वर्षांची गोष्ट मात्र खोटी. बारा वर्षांनी फुलते ती मुन्नारकडची नीलकुरिंजी. तिचा मोठा बहर २०१८ मध्ये येऊन गेला. कोणीतरी दोन पोस्टी एकत्र कालवल्या आहेत. त्यात तिसरी भेसळही आहे. तुम्ही पाठवलेल्या व्हिडिओच्या शेवटी माणसापेक्षा उंच, मधोमध सोट्यासारखा दांडा असलेलं जे दिसतं ते रॅफ्लेशिया नाहीच. तो टायटन अरम. तोही सुमात्राचा, पण रॅफ्लेशियासारखा परजीवी, म्हणजे दुसऱ्या झाडावर जगणारा, नाही. स्वतःचा कंद, स्वतःचं पान, कोणाच्या अध्यातमध्यात नाही. आणि तो निघाला आपल्या सुरणाच्याच गणातला. परसातल्या सुरणाला कधी फूल आलं असेल तर वासावरून नातं लगेच पटेल. आमच्या शेजारी एकदा ते आलं, तर घरातले सगळे दोन दिवस कपाटामागे मेलेला उंदीर शोधत होते.

रॅफ्लेशियाला पान नाही, खोड नाही, मूळ नाही. हे वाक्य मी तालुक्याच्या कॉलेजात एकतीस वर्षं सांगितलं आणि दरवर्षी मागच्या बाकावरून एकच प्रश्न यायचा, ‘मंग सर, झाड कुठं हाय?’ प्रश्न अगदी बरोबर आहे. झाड वेलीच्या पोटात आहे. टेट्रास्टिग्मा नावाच्या रानवेली असतात, द्राक्षाच्या कुळातल्या. तुमच्या धुऱ्यावर हाडजोडी, म्हणजे कांडवेल, चढलेली असेल तर तीही याच कुळातली. त्या टेट्रास्टिग्माच्या मुळांत आणि खोडात रॅफ्लेशिया बारीक तंतू होऊन पसरतो, ओल्या लाकडात बुरशी उतरते तसा. पाणी वेलीचं, साखर वेलीची, आधारही वेलीचाच. बाहेरून पाहिलं तर वेल धडधाकट दिसते, आत पाहुणा आहे याची खूणसुद्धा नाही.

मग एक दिवस सालीला फोड येतो, सुपारीएवढा. तो लिंबाएवढा होतो, पुढे पानकोबीच्या गड्ड्याएवढा. इथवर यायला नऊ-दहा महिने लागतात. पुष्कळशा कळ्या त्याआधीच कुजतात नाहीतर जनावरं कुरतडतात. ज्या उमलतात त्या पाच ते सात दिवस टिकतात, मग काळ्या पडून त्यांचा चिखल होतो.

त्या पाच-सात दिवसांतच सगळा संसार उरकायचा असतो. रंग मांसाचा, वास सडक्या मांसाचा, मधे अंधारी पोकळी. मेलेल्या ढोरावर घोंघावतात त्या हिरव्या-निळ्या माशांच्या जातीच्या माशा त्याला भुलतात. नर फुलातले पराग कोरडे नसतात, लापशीसारखे चिकट असतात. माशी आत शिरली की ते तिच्या पाठीवर लागतात आणि तिथेच वाळतात. पुढे हीच माशी मादी फुलात शिरली तर फळ धरतं. खरी गोम इथे आहे. बहुतेक जातींत नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. दोन्ही एकाच आठवड्यात उमलायला हवीत आणि माशीला उडून जाता येईल इतक्या टप्प्यात हवीत. जंगलात आधीच चार-दोन कळ्या, त्यांतल्या निम्म्या कुजलेल्या. जोडी जमते ती नशिबानेच.

मी स्वतः रॅफ्लेशिया पाहिलेला नाही, खोटं कशाला सांगू. त्याचा धाकटा भाऊबंद मात्र पाहिला आहे, आणि त्यासाठी सुमात्राला जावं लागत नाही. साप्रिया हिमालयाना हे त्याचं नाव. अरुणाचल, नागालँड, मणिपूर, मिझोराम या पट्ट्यात होतं. विल्यम ग्रिफिथ या वनस्पतीशास्त्रज्ञाला ते १८३६ मध्ये मिश्मी टेकड्यांत मिळालं. मी गेलो होतो अरुणाचलातल्या नामदफाच्या जंगलात, जानेवारीत. चार दिवस चालून तीन दिवस काहीच नाही. चौथ्या दिवशी आमचा वाटाड्या मधेच थांबला आणि बोट न दाखवता नुसता खाली बसला. पालापाचोळ्यात लालभडक काहीतरी होतं. मला आधी वाटलं, कोणाचा तरी रुमाल पडला.

मी तिथेच गुडघे टेकले. फूल नाश्त्याच्या ताटलीएवढं, वीतभर रुंद. रॅफ्लेशियाला पाच पाकळ्या, याला दहा, पाच-पाचच्या दोन फेऱ्यांत. लाल रंगावर फिकट पिवळे ठिपके, पातळ केलेलं बेसन कोणीतरी ब्रशने शिंपडल्यासारखे. बोट लावलं तर पाकळी फुलासारखी मऊ नव्हती, ओल्या चामड्यासारखी जाड आणि थंडगार लागली. वास लांबून आला नाही, नाक जवळ नेलं तेव्हा आला आणि मग कपड्यांतून जाईना. शेजारचा पाला हाताने सारला तर खाली बोटाएवढी काळपट मुळी होती आणि तिच्यावर ओळीने तीन कळ्या, तपकिरी खवल्यांत घट्ट बांधलेल्या. मुळीचा माग काढत गेलो तर ती पंधरा-वीस पावलांवरच्या एका वेलीची निघाली. ती वेल वर कुठे गेली ते दिसलं नाही, इतकी उंच होती. परतताना दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने आलो तेव्हा फुलाच्या कडा काळ्या पडायला लागल्या होत्या.

या फुलांचा शोध ज्याला म्हणतात त्याची कथाही सांगण्यासारखी आहे. मे १८१८ मध्ये सुमात्राच्या बेंकुलेन भागात स्टॅमफर्ड रॅफल्स हा इंग्रज अधिकारी फिरतीवर होता. पुढच्याच वर्षी सिंगापूर वसवणारा हाच तो. सोबत जोसेफ अर्नोल्ड नावाचा डॉक्टर होता. मोठं फूल सापडल्याची वर्दी घेऊन धावत आला तो त्यांच्यासोबतचा मलय नोकर. अर्नोल्डने नंतर पत्रात कबूल केलं की, सोबत साक्षीदार नसते तर इतकं मोठं फूल पाहिल्याचं सांगायची त्याला भीतीच वाटली असती. त्याच वर्षी तो तापाने गेला. फुलाला नाव मिळालं अधिकाऱ्याचं आणि डॉक्टरचं. धावत आलेल्या नोकराचं नाव कोणी लिहून ठेवलं नाही. आणखी एक गंमत म्हणजे, देशां हा फ्रेंच वनस्पतीशास्त्रज्ञ जावा बेटावर या गणातलं फूल त्याआधी वीसेक वर्षं गोळा करून बसला होता. परतीच्या प्रवासात त्याची कागदपत्रं इंग्रजांच्या हाती लागली आणि श्रेय बुडालं.

आता तुमच्या वावराशी याचं एक नातं आहे ते ऐका. पान, खोड, मूळ काहीच नाही म्हटल्यावर हे कोणत्या कुळातलं, हे शंभर-दीडशे वर्षं कोणाला नीट ठरवता येत नव्हतं. शेवटी डीएनए तपासला. २००७ साली उत्तर आलं, एरंडाच्या कुळाच्या गोतावळ्यातून हे निघालं आहे. धुऱ्यावरचा एरंड, कुंपणाची मोगली एरंड, तीच ती मंडळी. एरंडाचं फूल आठवून पाहा, लक्ष न देता पुढे जाल एवढंसं असतं. याच संशोधनाचा हिशेब असा की, सुमारे ४ कोटी ६० लाख वर्षांत या शाखेत फुलाचा आकार ७९ पटींनी वाढला. पानाचा, खोडाचा खर्च वाचला, सगळी कमाई फुलात घातली. आयतं मिळालं की माणूस लग्नात पैसा उडवतो, तसंच काहीसं. शिवाय जंगलाच्या तळाशी वारा नसतो, उजेड नसतो. माशीला लांबून बोलवायचं तर दुकानाची पाटी मोठी लागते.

आयत्या खाण्याची किंमतही तपासली गेली आहे. २०२१ मध्ये साप्रियाचा अख्खा जनुकसंच वाचला गेला. सपुष्प वनस्पतींमध्ये सहसा असतातच अशा जनुकांपैकी ४४ टक्के त्याच्यात नाहीत. हरितद्रव्याचा सगळा कारभार ज्या हरितलवकातून चालतो, त्याचा जनुकसंच तर सापडलाच नाही. गळून गेलेला. उलट काही जनुकं यजमान वेलीकडून आलेली मिळाली. चोरी केवळ अन्नाची नाही, बाडबिस्तऱ्यासकट आहे. हे वाचलं तेव्हा मी घरात एकटाच हसलो होतो. घरच्यांना कारण सांगूनही कळलं नाही.

तर आता ते पाच हजारांचं बी. रॅफ्लेशियाचं बी जेमतेम मिलिमीटरभराचं. त्यात पोसायला फारसं काही साठवलेलं नसतं. ते मातीत रुजत नाही, त्याला टेट्रास्टिग्मा गणातल्याच मोजक्या वेलींच्या आत शिरावं लागतं. बागेत बी पेरून रॅफ्लेशिया वाढवणं हे मोठमोठ्या वनस्पती उद्यानांनाही दाद देत नाही. इंडोनेशियातल्या बोगोरच्या उद्यानाने वेगळी वाट धरली. ज्या वेलीत परजीवी आधीच शिरलेला आहे तिची फांदी दुसऱ्या निरोगी वेलीवर कलम करायची. संत्र्याचा डोळा जंबेरीवर बांधतो तसंच, फक्त इथे डोळ्याबरोबर चोरही बांधायचा. वर्षानुवर्षं वाट पाहिल्यावर तिथे २०१० मध्ये रॅफ्लेशिया पत्मा फुलला. तेव्हा बीवाल्याला एवढंच विचारा, ‘वेल कुठे आहे?’ तो पाकिटात जे देईल ते बहुधा सब्जाचं बी असेल. पाण्यात टाकून फुगतं का पाहा आणि फालुदा करा.

आणि समजा, देवाने वेलही दिली, तरी आपला मे महिना आहेच. अमरावती-अकोल्याला पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, हवेत ओल म्हणून राहत नाही. त्या जंगलांत बारमाही पाऊस, बारमाही सावली. आपला सगळा पाऊस चार महिन्यांत पडून मोकळा होतो. मेळघाट कितीही दाट वाटलं तरी ते पानगळीचं सागवानी जंगल आहे. उन्हाळ्यात त्यातून आरपार दिसतं. अशा जंगलात वेलीच्या मुळीवर नऊ महिने ओली कळी टिकणार नाही.

आता आबांच्या फुलाकडे येतो, कारण मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. आबा खोटं बोलत नाहीत. वांग्याच्या वाफ्यात बिनपानाचं फूल येतं, त्याला बंबाखू म्हणतात. तंबाखूच्या पट्ट्यातला हा जुना शत्रू. वांगी, टोमॅटो, तंबाखू हे त्याचे यजमान. हिवाळ्यात झाडाच्या बुडाजवळून पिवळट-तपकिरी कोंब निघतो. हिरवेपणाचा ठिपका नाही, पानांच्या जागी नुसते खवले, वर निळसर-जांभळी नळीसारखी फुलं. दिसायला सुरेख. हलक्या हाताने खणलं तर कोंबाच्या बुडाशी गाठ आणि ती गाठ वांग्याच्या मुळीला चिकटलेली सापडते.

रॅफ्लेशियाचा आणि याचा धंदा एकच, कूळ मात्र वेगळं. परजीवी होण्याची युक्ती सपुष्प वनस्पतींत एकदाच नाही, वेगवेगळ्या कुळांत दहा-बारा वेळा स्वतंत्रपणे निघाली आहे. सगळ्यांचं हत्यार मात्र एकच, यजमानाच्या अंगात घुसणारं शोषक मूळ. तिकडचा पाहुणा एकाच घराण्याच्या वेलीवर बेतलेला, कमी संख्येचा. म्हणून ती वेल तुटली की तो संपला. आपल्याकडचे मात्र उकिरड्यावरच्या माजोरी तणासारखे. बंबाखूच्या एका झाडाला लाखभर बी धरतं, धुळीसारखं, आणि ते मातीत दहा-वीस वर्षं जिवंत राहतं. जनावराने खाल्लं तर शेणातून सुखरूप परत वावरात येतं. तिकडच्याला वाचवायला लोक धडपडतात, इकडच्याला मारायला आपण.

आणि टारफुला. वयस्कर माणसाला विचारा, ज्वारीत टारफुला कसा येतो. तुमच्या पिढीने कदाचित पाहिलाही नसेल, कारण सोयाबीन आल्यापासून खरिपाची ज्वारी नावालाच उरली. हलक्या, मुरमाड वावरात ज्वारी मांडीएवढी झाली की जमिनीत ओल असूनही पानं दुपारी सुकल्यासारखी दिसायची. आठवड्याभरात बुडाशी हिरवी काडी दिसायची, वीतभराची, बारीक खरखरीत पानांची, वर पांढरी चिमुकली फुलं. हा बंबाखूसारखा पूर्ण आयतोबा नाही, पान हिरवं असतं, थोडं अन्न स्वतः करतो. पण जमिनीवर येण्याआधी तो कितीतरी दिवस खाली ज्वारीचं रक्त पीत असतो. दिसेपर्यंत नुकसान होऊन गेलेलं असतं.

याला कळतं कसं की ज्वारीची मुळी जवळ आली? बी तर धुळीच्या कणाएवढं. उगवला आणि मुळी मिळाली नाही तर चार-पाच दिवसांत मेला. म्हणून तो वाट पाहतो. मुळीतून एक द्रव्य पाझरतं, त्याची चाहूल लागली तरच बी फुटतं. अमेरिकेत कॅरोलिनाच्या मक्यात १९५६ मध्ये टारफुला सापडला तेव्हा तिकडे हाहाकार उडाला आणि संशोधनाला पैसा आला. १९६६ मध्ये ते द्रव्य पहिल्यांदा वेगळं काढलं. टारफुल्याच्या स्ट्रायगा या शास्त्रीय नावावरून त्याला स्ट्रिगॉल म्हटलं. आणि ते काढलं कशातून? ज्वारीतून नाही, मक्यातून नाही. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, मुळ्यांतून!

पऱ्हाटीवर टारफुला जगूच शकत नाही. तिची मुळी त्याला बोलावते आणि दार उघडत नाही. बी फुटतं, तोंड मारायला जागा मिळत नाही, मरतं. आपल्या बापजाद्यांनी वर्षाआड कापूस आणि ज्वारी अशी फेरपालट धरली होती ती काही स्ट्रिगॉल वाचून नाही. पण वावर साफ राहायचं. मी नोकरीत नवीन असताना दर्यापूरकडे एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला बांधावर उभं करून सांगितलं होतं, ‘गुरुजी, पऱ्हाटी टारफुल्याले खाते.’ मी तेव्हा मनातल्या मनात हसलो होतो. पुस्तकात लिहिलेलं पुढे वाचलं तेव्हा त्यांना जाऊन सांगायला हवं होतं. गेलो नाही.

मुळी हे द्रव्य सोडते तरी कशाला, चोराला पत्ता द्यायला? हे कोडं २००५ मध्ये सुटलं. जमिनीत काही उपकारक बुरशा असतात, त्या मुळीला स्फुरद आणून देतात आणि बदल्यात साखर घेतात. मुळी हाक मारते ती त्यांना. टारफुला ती हाक चोरून ऐकतो. वावरात स्फुरद जितका कमी, तितकी मुळी जोरात ओरडते. म्हणूनच हलक्या, उपाशी जमिनीत टारफुला माजतो आणि शेणखत पडलेल्या वावरात कमी दिसतो. इतकी वर्षं शिकवूनही ही गोष्ट सांगताना मला अजून नवी वाटते.

अमरवेलीचं थोडक्यात सांगतो. ती तुम्ही रोज पाहता, बोरी-बाभळीवर पिवळ्या शेवया वाळत घातल्यासारखी. अलीकडे आपल्या भागात सोयाबीन, तूर, उडदातही शिरली आहे. हिचं रोप वास घेत जातं. २००६ च्या एका प्रयोगात गहू आणि टोमॅटो दोन्ही ठेवले तर अमरवेलीचे कोंब टोमॅटोकडे वळले. हिला उपटून धुऱ्यावर टाकू नका, तुकड्यातून पुन्हा लागते. फुलायच्या आत, ज्या झाडावर आहे त्या झाडासकट काढा आणि जाळा. बियाणं चाळून घ्या. दरवर्षी त्याच जागी येत असेल तर पेरणीनंतर, उगवणीपूर्वी पेंडीमिथॅलिन हे तणनाशक, लेबलवर लिहिलंय तेवढंच.

बांडगुळाची मात्र मला थोडी बाजू घ्यायची आहे. पुढारी एकमेकांना बांडगूळ म्हणतात तेव्हा बांडगुळाचा अपमान होतो. आंब्या-मोहावरचं बांडगूळ हिरवंगार असतं, साखर स्वतः करतं, फक्त पाणी आणि क्षार झाडाचे घेतं. त्याचं फळ एवढुसा फुलटोच्या पक्षी खातो. बी इतकं चिकट की पक्ष्याला ढुंगण फांदीवर घासून ते काढावं लागतं, आणि जिथे घासलं तिथेच ते रुजतं. कलमी आंब्यावर असेल तर फांदी बांडगुळाच्या जोडाच्या खाली, खोडाच्या बाजूने हातभर सोडून कापा. वरवर तोडलं तर पुन्हा फुटतं. रानातल्या मोहावरचं राहू द्या, पाखरांना हवं असतं.

आणि ज्याला कोणी चोर म्हणत नाही तो चंदन. तोही परजीवीच. १८७१ मध्ये जॉन स्कॉट या वनस्पतीशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की त्याच्या मुळ्या शेजारच्या झाडांच्या मुळ्यांना चिकटतात. माझ्या एका मित्राने एका रोपवाटिकेतून तीनशे रोपं आणली. देणाऱ्याने पैसे घेतले, शेजारी काय लावायचं ते सांगितलं नाही. आमचा मित्र टापटिपीचा, वावर आरशासारखं ठेवलं, गवताची काडी राहू दिली नाही. दीड वर्षात रोपं पिवळी. मी म्हटलं, ‘अरे बाबा, तू त्याच्या ताटातलं अन्नच निंदून काढलंस.’ ओळीत तूर पेरायला लावली, पुढच्यासाठी करंज आणि बाभूळ. जी वाचायची ती वाचली, शंभरेक गेली.

दुर्मीळ फूल पाहायची हौसच असेल तर सुमात्राआधी आपला सह्याद्री आहे. तिथल्या सदाहरित जंगलात बॅलॅनोफोरा होतो, झाडाच्या मुळीवर उगवणारा, लांबून अळिंबी वाटावी असा. कारवीच्या जातभाईंच्या मुळांवर क्रिस्टिसोनिया फुलतो, तोही बिनपानाचा, पावसाळा सरताना. यांच्याकडे लोकांचं लक्ष जात नाही ते बरंच आहे असं मला वाटू लागलंय. गर्दी झाली की वेलीची मुळं तुडवली जातात. रॅफ्लेशियाचं तेच झालं. २०२३ मध्ये त्याच्या ४२ जातींचा आढावा आला. त्यांतल्या २५ जाती अत्यंत धोक्यात आणि दोन तृतीयांश ठिकाणं कोणत्याही संरक्षित क्षेत्राच्या बाहेर. बी साठवून ठेवता येत नाही, बागेत सहजासहजी वाढवता येत नाही. वेल आणि वेल चढलेलं झाड जागच्या जागी राहिलं तरच फूल राहतं. तिकडे जंगल तोडून तेलताड लावला जातो आणि त्याचं पामतेल आपल्या दिवाळीच्या चकलीत असतं. तुम्हाला दोष देत नाही, आमच्याकडेही तेच तेल येतं.

तुमचं काम आता वांग्याचं. आबांना विचारा, वाफा कोणता आणि किती वर्षांपूर्वी पाहिलं. तिथे यंदा वांगी, टोमॅटो नको. कोंब दिसला तर फूल उमलण्याआधी उपटा, जनावरांपुढे टाकू नका, उकिरड्यावर टाकू नका, जाळा. एप्रिल-मेमध्ये वाफा ओला करून पातळ पारदर्शक प्लॅस्टिक पाच-सहा आठवडे कडा मातीने दाबून अंथरा. आपल्या उन्हाचा एवढा एक उपयोग आहे. त्या वाफ्यातून निघालेलं खुरपं धुतल्याशिवाय दुसऱ्या वाफ्यात नेऊ नका. आणि पुढच्या हिवाळ्यात पुन्हा आलं तर मला फोटो पाठवा. नुसता फुलाचा नको. बोटाने माती सारून, गाठ आणि वांग्याची मुळी दोन्ही दिसतील असा काढा.